हाक बंद झाली: रिक्वेस्ट्स २.३२ आणि ओव्हरराइड केलेली ‘गेट_कनेक्शन’

२० मे २०२४ रोजी पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ या एचटीटीपी विनंत्या पाठवणाऱ्या लायब्ररीची २.३२.० ही आवृत्ती पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारात) आली. आधीची २.३१.० मे २०२३ मधली, म्हणजे मधे जवळजवळ वर्ष गेलेलं. ज्यांच्या बिल्डमध्ये डॉकरचं पायथन एसडीके (कंटेनर चालवणाऱ्या डॉकरशी पायथनमधून बोलणारी लायब्ररी) होतं आणि रिक्वेस्ट्सला वरची मर्यादा घातलेली नव्हती, त्यांच्याकडे पुढच्याच इन्स्टॉलनंतर हा संदेश उमटू लागला:

डॉकरएक्सेप्शन: एरर व्हाइल फेचिंग सर्व्हर एपीआय व्हर्जन: नॉट सपोर्टेड यूआरएल स्कीम एचटीटीपी+डॉकर

असा संदेश वाचला की माणूस आधी डॉकरचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा सर्व्हर, तपासतो. सॉकेटच्या परवानग्या बघतो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो, यूजर डॉकर ग्रुपमध्ये आहे का ते पाहतो. सगळं ठीक असतं. डॉकरच्या कोडमधली एक ओळही बदललेली नसते. बदललेलं असतं ते दोन थर खाली: रिक्वेस्ट्सने एका मेथडला बोलावणं थांबवलेलं असतं. मेथड होती तिथेच होती, नाव तेच, आर्ग्युमेंट्स तीच. नेटवर्किंग लायब्ररीत सुसंगतता कशी मोडते याचं हे प्रकरण म्हणूनच खोलात बघण्यासारखं आहे. (पायथनमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, फाइलीत ती अर्थातच रोमन.)

आधीची वायरिंग

रिक्वेस्ट्समधला सेशन स्वतः नेटवर्कशी बोलत नाही. यूआरएलची सुरुवात पाहून तो एक अडॅप्टर निवडतो आणि विनंती त्याच्या हवाली करतो. ‘माउंट’ करून कोणत्याही प्रीफिक्सवर स्वतःचा अडॅप्टर बसवता येतो. एकाहून जास्त प्रीफिक्स जुळले तर सर्वांत लांब असेल तो जिंकतो. बहुतेक लोक स्वतःचा अडॅप्टर लिहिताना एचटीटीपीअडॅप्टर या बेस क्लासचा सबक्लास (त्याचा वारसा घेणारा क्लास) करतात आणि हव्या तेवढ्या मेथड ओव्हरराइड करतात, म्हणजे त्यांच्या जागी स्वतःच्या लिहितात.

२.३१ पर्यंत बेस क्लासच्या ‘सेंड’मध्ये क्रम असा होता: आधी सेल्फ.गेट_कनेक्शन(रिक्वेस्ट.यूआरएल, प्रॉक्सीज) बोलावून कनेक्शन पूल (पुन्हा वापरायला ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) मिळवायचा, मग सर्ट_व्हेरिफाय त्या पूलवर सर्टिफिकेटच्या सेटिंग्ज लिहायची, मग रिक्वेस्ट_यूआरएल आणि अ‍ॅड_हेडर्स, शेवटी पूलवर यूआरएलओपन. पूल ‘यूआरएललिब३’ या खालच्या थरातल्या लायब्ररीकडून येतो.

गेट_कनेक्शन ही अंडरस्कोर नसलेली, उघड मेथड. तिच्या डॉकस्ट्रिंगमध्ये स्वच्छ म्हटलेलं होतं की वापरणाऱ्यांनी ती थेट बोलावू नये, सबक्लास करणाऱ्यांसाठीच ती उघडी ठेवली आहे. हा मुद्दा विसरून चालत नाही, कारण अशा प्रकरणांत ‘लोकांनी आतल्या गोष्टींना हात लावला, भोगा आता’ असं म्हणायची पद्धत आहे. इथे हात लावायला दारच दिलेलं होतं.

डॉकरने तेच दार वापरलं. त्याचा डीमन लिनक्सवर सहसा /व्हार/रन/डॉकर.सॉक या युनिक्स सॉकेटवर (एकाच मशीनवरच्या प्रोसेस जोडणाऱ्या खास फाइलीवर) ऐकतो. तिथे होस्ट नाही, पोर्ट नाही, डीएनएस नाही. म्हणून एसडीकेने एचटीटीपी+डॉकर:// अशी स्वतःची स्कीम ठरवली, तिच्यावर युनिक्सएचटीटीपीअडॅप्टर माउंट केला, आणि त्यात गेट_कनेक्शन ओव्हरराइड केली: आपल्या छोट्या कॅशमध्ये या यूआरएलचा पूल आहे का बघ, नसेल तर सॉकेटच्या पाथवर उघडणारा नवा पूल बनव, तो परत दे. विंडोजच्या नेम्ड पाइपसाठी आणि एसएसएचसाठीही याच धाटणीचे अडॅप्टर आहेत. ‘रिक्वेस्ट्स-युनिक्ससॉकेट’ नावाचं वेगळं पॅकेजही एचटीटीपी+युनिक्स:// साठी असंच चालायचं. वर्षानुवर्षं चाललं.

भोक

आता २.३२.० ला हे दार बदलायची गरज का पडली, ते बघू. गरज खरी होती आणि सुरक्षेची होती. सीव्हीई-२०२४-३५१९५ हा त्या दोषाचा क्रमांक (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषांची यादी).

पूल शोधताना यूआरएललिब३ एक किल्ली बनवतो. स्कीम, होस्ट, पोर्ट आणि पूलच्या इतर सेटिंग्ज मिळून ती किल्ली होते. किल्ली सारखी तर पूलही तोच. जुनी गेट_कनेक्शन फक्त यूआरएल आणि प्रॉक्सी घेत असल्याने ‘व्हेरिफाय’ची (सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासायचं का, याची) किंमत तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. पूल हातात आल्यावर मागाहून सर्ट_व्हेरिफाय त्यावर सर्ट_रेक्स लिहायची. पण ही सेटिंग पूल नवं कनेक्शन बांधतानाच वाचतो. आधीच उघडं असलेलं, किप-अलाइव्हवर थांबलेलं कनेक्शन तसंच उचलून दिलं जातं. त्याचं टीएलएस (एचटीटीपीएसमधला एन्क्रिप्शनचा थर) हँडशेक, म्हणजे सर्टिफिकेट तपासण्याची पायरी, कधीच होऊन गेलेलं असतं.

त्यामुळे एकाच सेशनवर एखाद्या सर्व्हरला पहिली विनंती व्हेरिफाय=फॉल्स अशी गेली, की त्या सर्व्हरच्या पुढच्या विनंत्याही, त्यांत व्हेरिफाय=ट्रू लिहिलेलं असलं तरी, तेच न तपासलेलं कनेक्शन वापरू शकत. कोड वाचून हे कळायचं नाही. दुसऱ्या ओळीत तर ‘ट्रू’ स्वच्छ दिसतंय.

उपाय एकच: टीएलएसच्या सेटिंग्ज पूल निवडण्याच्या आधी किल्लीत गेल्या पाहिजेत. म्हणजे पूल निवडणाऱ्या मेथडला पूर्ण विनंती, व्हेरिफाय आणि क्लायंट सर्टिफिकेट दिसलं पाहिजे. गेट_कनेक्शन(यूआरएल, प्रॉक्सीज) या सिग्नेचरमध्ये त्याला जागा नाही. जुन्या सिग्नेचरला आर्ग्युमेंट वाढवली असती तर जगभरातले जुने ओव्हरराइड टाइपएरर देऊन पडले असते.

२.३२.० मध्ये म्हणून नवी मेथड आली, _गेट_कनेक्शन, आणि सेंड तिला बोलावू लागला. जुनी गेट_कनेक्शन बेस क्लासमध्ये जशीच्या तशी ठेवली. कागदावर हा बदल निरुपद्रवी दिसतो: कोणतंही उघड नाव काढलेलं नाही, कोणतीही सिग्नेचर बदललेली नाही. जो गेट_कनेक्शन स्वतः *बोलावतो*, त्याचं काहीच बिघडत नाही. जो ती *ओव्हरराइड* करतो, त्याच्या पायाखालची फळी काढलेली असते, कारण त्याला हवी असते ती हाक. एपीआय तुलना करणारी साधनं नावं आणि आर्ग्युमेंट्स तपासतात. ‘सेंड आतून कुणाला बोलावतो’ हे त्यांच्या तक्त्यात कुठेच नसतं. ओव्हरराइडसाठी दिलेल्या मेथडचा निम्मा करार तिच्या सिग्नेचरमध्ये असतो आणि निम्मा ती कोण, कधी, कशा क्रमाने बोलावतं यात. दुसरा निम्मा सहसा कुणी लिहूनच ठेवलेला नसतो.

डॉकरच्या बाबतीत मग असं घडलं: सेंडने बेस क्लासची _गेट_कनेक्शन बोलावली, तिने एचटीटीपी+डॉकर ही स्कीम यूआरएललिब३च्या पूलमॅनेजरला दिली, त्याला फक्त एचटीटीपी आणि एचटीटीपीएस माहीत, त्याने यूआरएलस्कीमअननोन फेकलं. सेंडने ते पकडून इनव्हॅलिडयूआरएलमध्ये गुंडाळलं, एसडीकेने ते डॉकरएक्सेप्शनमध्ये. सर्व्हरची एपीआय आवृत्ती विचारणं हे क्लायंटचं अगदी सुरुवातीचं काम, म्हणून संदेशात ते आलं आणि सगळे डीमनच्या मागे लागले.

गाजावाजा न करता मोडणारे

डॉकरवाले एका अर्थी सुदैवी म्हणायचे. त्यांची स्कीम अनोळखी होती म्हणून निदान आरडाओरड झाली. आता असा अडॅप्टर डोळ्यांपुढे आणा: एचटीटीपीएस:// वरच माउंट केलेला, आणि गेट_कनेक्शनमध्ये सगळी वाहतूक कंपनीच्या ठरलेल्या प्रॉक्सीच्या पूलकडे वळवणारा. किंवा होस्टनेमऐवजी ठरावीक आयपीच्या पूलकडे नेणारा. २.३२.० वर याचा ओव्हरराइड कुणी बोलावत नाही, बेस क्लास नेहमीचा पूल देतो, विनंती थेट बाहेर जाते, २०० (यशाचा कोड) परत येतो. टेस्ट हिरव्या. लॉगमध्ये काही नाही. ज्या यंत्रणेतून वाहतूक बाहेर जाणार नाही असं गृहीत धरलेलं होतं, तिथून ती जाऊ लागलेली असते.

ओव्हरराइड मोडण्याचे हे दोन प्रकार सारखे मोजू नयेत. पहिल्यात एक दिवस वाया जातो. दुसऱ्यात काय जातं ते ऑडिटच्या वेळी समजतं.

दुसऱ्या दिवशीची डागडुजी

२.३२.१ ही २० मेलाच आली, पण ती फक्त सोर्स पॅकेजमधून राहून गेलेल्या टेस्ट सर्टिफिकेट्ससाठी. २१ मेच्या २.३२.२ मध्ये _गेट_कनेक्शनचं नाव बदलून गेट_कनेक्शन_विथ_टीएलएस_कॉन्टेक्स्ट केलं, ते उघड एपीआय म्हणून जाहीर केलं, आणि जुनी गेट_कनेक्शन डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नये अशी) ठरवली. २.३२.० आणि २.३२.१ पायपीआयवर ‘यँक’ झाल्या: ज्याने नेमका तोच आकडा == लावून पिन केलाय त्यालाच त्या मिळतात, बाकीच्यांना पिप वगळून पुढचं देतो.

स्थलांतरासाठी दोन ओळी सुचवल्या गेल्या. डॉकरच्या अडॅप्टरांच्या सामाईक बेस क्लासमध्ये त्याच बसल्या आणि २३ मेच्या ७.१.० मध्ये बाहेर आल्या:

डेफ गेट_कनेक्शन_विथ_टीएलएस_कॉन्टेक्स्ट(सेल्फ, रिक्वेस्ट, व्हेरिफाय, प्रॉक्सीज=नन, सर्ट=नन):
    रिटर्न सेल्फ.गेट_कनेक्शन(रिक्वेस्ट.यूआरएल, प्रॉक्सीज)

या दोन ओळींत तीन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत.

एक, नावं. जुनी गेट_कनेक्शन बोलावताना सेंड दोन्ही आर्ग्युमेंट्स जागेनुसार द्यायचा. तुमच्या ओव्हरराइडमध्ये दुसऱ्याचं नाव ‘प्रॉक्सी’ असो की ‘पी’, चालून जायचं. नव्या मेथडला सेंड रिक्वेस्ट आणि व्हेरिफाय जागेनुसार देतो, पण प्रॉक्सीज आणि सर्ट नावाने देतो. आता नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी टाइपएरर. बोलावण्याची पद्धत बदलली की आर्ग्युमेंटची नावंही करारात येतात, हे लायब्ररी लिहिणाऱ्यांच्या पटकन ध्यानात येत नाही.

दोन, जुन्या आवृत्त्या. ही मेथड २.३१ वर पडून राहते, तिला कुणी बोलावत नाही. तिथे गेट_कनेक्शन थेट चालते. म्हणजे दोन्ही मेथड ठेवल्या की एकच कोड दोन्हीकडे चालतो, आवृत्ती तपासणारा ‘इफ’ लागत नाही. ज्याने २० तारखेला घाईघाईने _गेट_कनेक्शन ओव्हरराइड केली, त्याचा कोड मात्र २१ ला पुन्हा मोडला. अंडरस्कोर पाहून थांबायचं असतं ते याचसाठी.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: युनिक्स सॉकेटवर टीएलएस नसतं, म्हणून डॉकरने व्हेरिफाय आणि सर्ट टाकून दिले तरी काही गमावलं नाही. हेच दोन ओळींचं औषध एचटीटीपीएसच्या अडॅप्टरला पाजलं, आणि त्याची गेट_कनेक्शन पुढे सुपर().गेट_कनेक्शन (म्हणजे बेस क्लासचीच मेथड) बोलावत असेल, तर सीव्हीई जसाच्या तसा परत आला. रिक्वेस्ट्सच्या बदलनोंदीतही कस्टम अडॅप्टरवाल्यांना हेच बजावलेलं आहे: आपला अडॅप्टर त्याच दोषाला बळी पडतो का, ते स्वतः तपासा.

ज्याला हवी त्याला न पोचणारी सूचना

२.३२.२ मध्ये डेप्रिकेशनवॉर्निंग बेस क्लासच्या गेट_कनेक्शनच्या *आत* आहे. आता विचार करा, ती कधी उमटेल? कुणी बेस क्लासची मेथड चालवली तरच. डॉकरसारखा पूर्ण ओव्हरराइड ती चालवतच नाही. शिवाय सेंडही आता ओव्हरराइडला बोलावत नाही, त्यामुळे आत सुपर() असलं तरी तिथवर कुणी पोचत नाही. ज्यांच्यासाठी सूचना लिहिली, नेमके तेच तिच्या वाटेत येत नाहीत. त्यात पायथन डेप्रिकेशनवॉर्निंग मुख्य स्क्रिप्टबाहेर मुळात दाखवतच नाही. टेस्ट चालवणारं पायटेस्ट दाखवतं, एवढाच दिलासा.

बोलावणाऱ्यांसाठी सूचना मेथडच्या आत ठेवतात. ओव्हरराइड करणाऱ्यांसाठी ती सबक्लास घडतानाच द्यावी लागते. पायथन ३.६ पासून त्यासाठी __इनिट_सबक्लास__ आहे: नव्या क्लासच्या स्वतःच्या __डिक्ट__ मध्ये जुनं नाव आहे आणि नवं नाही असं दिसलं की तिथेच वॉर्निंग द्या, स्टॅकलेव्हल=२ ठेवा म्हणजे ती सबक्लासच्या ओळीवर दिसते. इम्पोर्ट होतानाच कळतं, एकही विनंती पाठवावी लागत नाही. जँगोने असाच प्रश्न रीनेममेथड्सबेस नावाच्या मेटाक्लासने सोडवलेला आहे: सबक्लासमध्ये जुनंच नाव सापडलं तर ओरडायचं आणि नवं नाव जुन्याला जोडून द्यायचं.

पूल बांधता आला असता का

इथे पूल म्हणजे नदीवरचा. जुन्या ओव्हरराइडला हाक चालू ठेवत नवी वाट काढणं शक्य होतं का? तांत्रिकदृष्ट्या होय. बेस क्लासच्या नव्या मेथडमध्ये तपासायचं: टाइप(सेल्फ).गेट_कनेक्शन ही एचटीटीपीअडॅप्टर.गेट_कनेक्शनच आहे की कुणी बदललीय? बदलली असेल तर वॉर्निंग देऊन जुनी बोलवा, नाहीतर नवा मार्ग. चार ओळींचं काम. पण त्या चार ओळींत पाय अडकण्याच्या जागा बऱ्याच.

पहिली जागा गोल फिरण्याची. बेसची जुनी मेथड नव्याकडे वळवली आणि सबक्लासने दोन ओळींच्या औषधाने नवी जुन्याकडे वळवली, की सेंड नवीला बोलावतो, ती सबक्लासच्या जुनीला, ती सुपर()ला, सुपर() परत सेल्फच्या नवीला. रिकर्शनएरर. म्हणून दोन्ही दिशांना वळवू नये. रिक्वेस्ट्सने बेसच्या जुन्या मेथडमध्ये तिचं स्वतःचं जुनं लॉजिक राहू दिलं, ते योग्यच केलं.

दुसरी जागा वारशाच्या लांब साखळीत. ‘अ’ने नवी मेथड ओव्हरराइड केली, ‘ब’ हा ‘अ’चा सबक्लास, त्याने फक्त जुनी केली. ‘ब’ सर्वांत खालचा, त्याचं म्हणणं चालायला हवं. पण सेंड नवी बोलावतो, ती ‘अ’ची, बेसमधल्या तपासणीपर्यंत कुणी पोचतच नाही आणि ‘ब’ गप्प वगळला जातो. हे नीट करायचं तर तपासणी सेंडमध्ये हवी, आणि एमआरओमधून (पायथन ज्या क्रमाने क्लासांत मेथड शोधतो त्यातून) खालून वर चालत जुनं-नवं यांपैकी कोणतं नाव आधी भेटतं ते पाहायला हवं. आणि कुणी क्लासऐवजी ऑब्जेक्टवरच सेल्फ.गेट_कनेक्शन = काहीतरी असं चिकटवलं असेल, तर टाइप(सेल्फ)ला ते दिसत नाही.

तिसरी जागा सुरक्षेची, आणि ती खरी अडचण. जुन्या ओव्हरराइडना सरसकट हाक चालू ठेवली तर सुपर() बोलावणारे सगळे एचटीटीपीएस अडॅप्टर सीव्हीईसकट चालू राहतात. सुरक्षेची दुरुस्ती करायची आणि ज्यांनी काही बदललंय त्यांनाच ती लागू पडू द्यायची नाही, हे कुणाला पटणार?

आमच्या मते इथे दोन वाटा वेगळ्या करायला हव्या होत्या. एचटीटीपी+डॉकर, एचटीटीपी+युनिक्ससारख्या स्कीमना यूआरएललिब३चा पूलमॅनेजर तसाही पूल देऊ शकत नाही. म्हणजे बेसचा नवा मार्ग तिथे हमखास पडणारच. अशा वेळी ओव्हरराइड केलेली जुनी मेथड वॉर्निंगसह बोलावली असती तर गमावण्यासारखं काही नव्हतं, आणि २० मेचा बहुतेक गोंधळ टळला असता. एचटीटीपीएससाठी मात्र हाक बंद करणंच बरोबर, फक्त ती गप्प नको: जुनी मेथड ओव्हरराइड केलेली आणि नवी नाही असं दिसताच क्लास घडताना स्पष्ट एरर. रिक्वेस्ट्सच्या बाजूने एवढं म्हटलं पाहिजे की सुरक्षेची दुरुस्ती सहसा बंद दाराआड होते, बाहेरच्या पॅकेजांवर आधी चालवून पाहायला मोकळीक नसते. आणि एका दिवसात चूक मान्य करून उघड एपीआय देणं हे फार प्रकल्पांना जमत नाही.

आठवड्याने उघडी पडलेली दुसरी फट

२९ मे रोजी २.३२.३ आली. तिच्यातली पहिली दुरुस्ती पुन्हा ओव्हरराइडचीच, पण वेगळ्या मेथडची.

जुने सायफर (एन्क्रिप्शनच्या पद्धती) किंवा टीएलएसची किमान आवृत्ती ठरवायला बरेच जण इनिट_पूलमॅनेजर ओव्हरराइड करतात: स्वतःचा एसएसएलकॉन्टेक्स्ट (टीएलएसच्या सेटिंग्जचा ऑब्जेक्ट) बनवायचा, तो क्वार्ग्जमध्ये (नावाने दिलेल्या आर्ग्युमेंट्समध्ये) घालायचा, सुपर() बोलावायचं. ही मेथड २.३२.० नंतरही व्यवस्थित बोलावली जात होती. बिनसलं ते नंतर. २.३२.० ने वेग वाढवायला मॉड्यूल पातळीवर एकच एसएसएलकॉन्टेक्स्ट तयार ठेवला आणि व्हेरिफाय=ट्रू असेल तेव्हा तो प्रत्येक विनंतीच्या पूल-सेटिंग्जमध्ये घातला. यूआरएललिब३ या सेटिंग्ज पूलमॅनेजरच्या मूळ सेटिंग्जशी मिसळतो, आणि एकाच नावाच्या दोन किमती आल्या तर विनंतीची जिंकते. सबक्लासने प्रेमाने बांधलेला कॉन्टेक्स्ट असा शेवटच्या क्षणी पुसला गेला. हाक होती, उत्तरही ऐकलं, पण मग त्यावर दुसऱ्याने लिहिलं.

२.३२.३ मध्ये पूलमॅनेजरकडे आधीच एसएसएल_कॉन्टेक्स्ट आहे का ते पाहिलं जातं. असेल तर तयार कॉन्टेक्स्ट मधे येत नाही. शिवाय बिल्ड_कनेक्शन_पूल_की_अ‍ॅट्रिब्यूट्स अशी एक छोटी मेथड वेगळी काढली. ती दोन डिक्शनरी देते: एकीत स्कीम, होस्ट, पोर्ट; दुसरीत सर्ट_रेक्स, सीए (सर्टिफिकेट देणारी विश्वासू संस्था) आणि क्लायंट सर्टिफिकेटच्या सेटिंग्ज. फक्त टीएलएसचं वळण बदलायचं असेल तर ओव्हरराइडला ही जागा सर्वांत चांगली, कारण प्रॉक्सीचं लॉजिक पुन्हा लिहावं लागत नाही. (एसएसएल मॉड्यूलशिवाय बांधलेल्या पायथनवर रिक्वेस्ट्स सुरूच होत नव्हती, तेही याच आवृत्तीत सुधारलं.)

तो तयार ठेवलेला सामाईक कॉन्टेक्स्ट पुढेही त्रास देत राहिला आणि १८ ऑगस्ट २०२५ च्या २.३२.५ मध्ये पूर्ण मागे घेतला गेला. नवी मेथड मात्र राहिली.

स्वतःचा अडॅप्टर असेल तर

आधी शोधा. कोडमध्ये ‘डेफ गेट_कनेक्शन(’ ग्रेप करा, नंतर साइट-पॅकेजेसमध्येही करा, दुसऱ्याच्या पॅकेजमधला अडॅप्टरही तुमच्याच प्रोसेसमध्ये चालतो. डॉकर कम्पोजच्या पायथनमधल्या जुन्या पहिल्या पिढीवर हेच ओढवलं. जुलै २०२३ नंतर तिला अपडेट्सच नव्हते, त्यामुळे तिथे रिक्वेस्ट्सला २.३२ च्या खाली रोखून धरणं किंवा दुसऱ्या पिढीवर जाणं एवढंच हातात होतं. रोखून धरलं की सीव्हीईही घरातच राहतो, हे लिहून ठेवा.

अडॅप्टर टीएलएसशिवायच्या वाहतुकीचा असेल तर वरच्या दोन ओळी पुरेत. एचटीटीपीएसचा असेल तर नव्या मेथडमध्ये आपलं काम करून सुपर().गेट_कनेक्शन_विथ_टीएलएस_कॉन्टेक्स्ट बोलवा, जुन्या सुपर()कडे जाऊ नका. स्वतःची पूल-कॅश ठेवत असाल तर तिच्या किल्लीत व्हेरिफाय आणि सर्ट घाला. व्हेरिफाय कधी बूलियन असतो तर कधी सीए फाइलचा पाथ. दोन्ही हॅश होतात. सर्ट एक स्ट्रिंग किंवा टपल असतं. कुणी लिस्ट दिली तर टपल करून घ्या. डिपेन्डन्सीत २.३२.० आणि २.३२.१ वगळा, स्वतःचा एसएसएलकॉन्टेक्स्ट देत असाल तर २.३२.२ सुद्धा.

मग दोन टेस्ट, २.३१.०, २.३२.३ आणि ताज्या आवृत्तीवर.

पहिली हाकेची. १२७.०.०.१ वर पोर्ट ० देऊन छोटा सर्व्हर उठवा, ओव्हरराइडमध्ये एक काउंटर ठेवा, अडॅप्टर माउंट करून एक गेट करा, आणि काउंटर नेमका १ आहे हे तपासा. उत्तर २०० आलं एवढ्यावर समाधान मानू नका. गप्प मोडणारा प्रकार २०० च देतो.

दुसरी भोकाची. सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेटचा स्थानिक एचटीटीपीएस सर्व्हर घ्या. एकाच सेशनवर पहिली विनंती व्हेरिफाय=फॉल्स, ती २०० यावी. दुसरी व्हेरिफाय=ट्रू, तिने एसएसएलएरर द्यायलाच हवा. २०० आलं तर भोक उघडं आहे. ही टेस्ट लिहिताना दोनदा फसायला होतं. पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर मुळात एचटीटीपी/१.० बोलतो आणि प्रत्येक उत्तरानंतर कनेक्शन बंद करतो. मग दुसऱ्या विनंतीला नवं हँडशेक होतं आणि टेस्ट सदोष २.३१.० वरही हिरवी दिसते. हँडलरमध्ये प्रोटोकॉल_व्हर्जन ‘एचटीटीपी/१.१’ करा आणि कंटेंट-लेंग्थ पाठवा. तेवढं केलं की दुसरा फास: एकाच थ्रेडचा सर्व्हर पहिल्या उघड्या कनेक्शनवर अडून बसतो, दुरुस्त आवृत्तीने उघडलेलं दुसरं कनेक्शन रांगेत लटकतं आणि टेस्ट थिजते. थ्रेडिंगएचटीटीपीसर्व्हर वापरा आणि प्रत्येक विनंतीला ५ सेकंदांचा टाइमआउट द्या. टेस्ट खरी आहे का ते पाहायला ती आधी २.३१.० वर मुद्दाम बेस एचटीटीपीअडॅप्टरने चालवा. तिथे ती लाल झाली पाहिजे.